घुंगरमाळ ते प्रेशर हॉर्न : केजच्या चौकातील एका आवाजाची कुळकथा

मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता आणि कळंबहून धारूरकडे जाणारा रस्ता केजमध्ये एकमेकांना छेदतात. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले की या चौकाचे रूप पालटते. उसाच्या मोळ्या लादलेले ट्रॅक्टर, ट्रक, टायरगाड्या आणि ऊसतोड मजुरांचे सगळे बिऱ्हाड, भांडीकुंडी, शेळ्या व लेकरे यांसह घेऊन निघालेली लहान मालवाहू वाहने एकामागून एक जाऊ लागतात. या गर्दीत मागून रेल्वे इंजिनासारखी गर्जना ऐकू येते. माणूस दचकून बाजूला होतो, वळून पाहतो, तर समोर दीड टनी पिकअप! हा आवाज कंपनीने गाडीला दिलेला नसतो. तो नंतर गॅरेजात बसवून घेतलेला असतो आणि त्याचे बोलीतले नाव आहे ‘प्रेशर हॉर्न’.

आजचा धागा या आवाजाच्या कुळाविषयी आहे. त्यात इंग्लंडचा एक कायदा आहे, निजामाची बस आहे, तारायंत्र आहे आणि डाकेचे घोडेही आहेत.

आधी शब्दापासून आरंभ करू. इंग्रजीत ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. मराठीतही ‘शिंग’ म्हणजे जनावराचे शिंग आणि फुंकून वाजवायचे वाद्यही. दोन्ही भाषांत एकाच वस्तूवरून एकच शब्द पडला, कारण पोकळ शिंग फुंकले की आवाज लांब जातो हे माणसाला सगळीकडे सारखेच कळले. पुढे शिंग धातूचे झाले. तुतारी आली, कर्णा आला. हाच ‘कर्णा’ शब्द विसाव्या शतकात लाउडस्पीकरच्या भोंग्याला चिकटला. एका वाद्याचे नाव यंत्राला मिळावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

रस्त्यावरील आवाजाच्या मात्र पूर्वीपासून दोन जाती आहेत आणि हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. पहिली जात चाहूल देणाऱ्या आवाजाची. बैलाच्या गळ्यातील घुंगरमाळ अखंड वाजत असते. ती कोणाला उद्देशून नसते. अंधारात गाडी कुठे आहे, किती दूर आहे, जवळ येते आहे की लांब जाते आहे, हे तिच्या नादावरून समोरच्याला उमगते आणि काय करायचे ते तो ठरवतो. दुसरी जात हुकूम देणाऱ्या आवाजाची. सरदाराच्या मेण्यापुढे चालणारे भालदार-चोपदार ललकारी देत, ती केवळ माहिती नसे. वाट मोकळी करण्याची ती आज्ञा असे. केजचा शेजारी तालुका अंबाजोगाई, म्हणजे निजामी काळातील मोमिनाबाद. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळाचे बिगूल याच दुसऱ्या जातीचे. त्यांनी दिलेला इशारा हुकूम म्हणूनच ऐकायचा असे.

मोटार जन्मली तेव्हा तिचा आवाज यांपैकी कोणत्या जातीचा असावा, हे ठरलेले नव्हते. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावर धावणाऱ्या यांत्रिक वाहनापुढे ६० यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालवावा असे बंधन घातले होते. आज त्याची टिंगल होते, परंतु त्यामागचा विचार साधा होता : इशारा देण्याचा भार यंत्रवाल्यावर, पादचाऱ्यावर नव्हे. १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारींना या बंधनांतून सोडवले आणि त्याऐवजी घंटा किंवा पुरेसा ऐकू जाईल असा अन्य इशारा देणारे साधन गाडीवर असले पाहिजे, एवढीच अट ठेवली. निशाणवाला माणूस गेला आणि त्याची जागा आवाजाने घेतली. ही अदलाबदल लहान नव्हती. निशाणवाला असताना गाडीलाच त्याच्या चालीने यावे लागे. आवाज आला तशी गाडी हवी तितकी वेगात येऊ लागली आणि बाजूला सरण्याचे काम पायी चालणाऱ्याकडे गेले.

आरंभीचा हॉर्न म्हणजे रबरी फुगा आणि पितळी नळी. फुगा दाबला की पों! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंजिनाच्या धुराड्यातील वायूवर वाजणारे गॅब्रिएल हॉर्नही अमेरिकेत निघाले. मग १९०८ मध्ये क्लॅक्सन आला. मिलर रीझ हचिसन या अमेरिकी संशोधकाने पातळ पोलादी पडदा आणि त्यावर घासणारे दातेरी चाक यांतून तो कर्कश आवाज काढला. ‘क्लॅक्सन’ हे नाव किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले, म्हणजे निर्मात्यांनी काही लपवले नव्हते. गंमत अशी की याच हचिसनने विजेवर चालणारे श्रवणयंत्रही बनवले होते आणि इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा ते वापरत असे. आधी लोकांना बहिरे करायचे आणि मग श्रवणयंत्र विकायचे, असा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर खपवला जातो. तो त्याचाच असेल असे नाही. मोठ्या माणसांच्या नावावर विनोद जमा होतातच. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूचा इशारा देण्यासाठी क्लॅक्सन वापरले गेले, एवढी त्याची धार होती. पुढे विद्युतचुंबकाने पडदा थरथरवणारे सोपे हॉर्न आले. जर्मनीच्या बॉश कंपनीने आपला हॉर्न १९२१ मध्ये बाजारात आणला. बॉशचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

आता केजकडे वळू. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीड जिल्ह्यात होता. आगगाडी केजला आली नाही, आजही नाही. खुद्द बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. जेथे आगगाडीची शिटी नसते तेथे यांत्रिक आवाजाची पहिली ओळख मोटारीकडून होते. संस्थानात सरकारी बससेवा सुरू झाली ती जून १९३२ मध्ये आणि तीही रेल्वेच्याच एका खात्यामार्फत : निजाम स्टेट रेल्वेचा रस्ते वाहतूक विभाग. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या त्या काळात या सेवेत धावल्या. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि या भागाची बससेवाही त्या व्यवस्थेत सामील झाली. एसटीचा हॉर्न हा अनेक खेड्यांत घड्याळाचे काम करी. म्हणजे तो पुन्हा चाहुलीच्या जातीत गेला होता : गाडी आली, निघा.

हवेच्या दाबावर वाजणारा हॉर्न हे मूळ रस्त्याचे अपत्य नव्हे. वाफेच्या इंजिनाला शिटीसाठी वाफ आयती मिळे. डिझेल आणि विजेच्या इंजिनात वाफच नाही. मात्र ब्रेकसाठी दाबलेली हवा असे, कारण १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने आगगाडीच्या एअर ब्रेकचे पेटंट घेतल्यापासून ती पद्धत रुळली होती. ब्रेकच्याच हवेवर कर्णे वाजू लागले. हाच न्याय जड ट्रकला लागू पडला. ज्या ट्रकला एअर ब्रेक, त्याच्या पोटाखाली हवेची टाकी. तिच्यातून एक बारीक नळी काढली, एक झडप बसवली की झाला प्रेशर हॉर्न. वाजवण्यासाठी लागणारी सगळी सामग्री गाडीत आधीच होती.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगण्याजोगी आहे. विजेच्या हॉर्नमध्ये पडदा चुंबकाने हलतो. प्रेशर हॉर्नमध्ये दाबलेली हवा पडद्याला ढकलून निसटते, पडदा परत बसतो, पुन्हा ढकलला जातो आणि हा कंप पुढच्या नळीत मोठा होतो. तुतारी वाजवणाऱ्याच्या ओठांचे काम येथे पडदा करतो, फुप्फुसाचे काम टाकी करते. नळी लांब तर स्वर खालचा, नळी आखूड तर स्वर वरचा, हा नियमही वाद्याचाच. म्हणजे सगळ्या आधुनिक हॉर्नांत मूळ शिंगाच्या सर्वांत जवळचा जर कोणी असेल, तर तो हाच बदनाम प्रेशर हॉर्न.

पिकअपपाशी मात्र अडचण येते. १९८६ मध्ये टाटा ४०७ आला, २००५ मध्ये टाटा एस म्हणजे ‘छोटा हत्ती’ आला, महिंद्राच्या पिकअप गाड्या गावोगाव पसरल्या आणि मराठवाड्यातील मालवाहतुकीचा मोठा भाग अशा लहान गाड्यांवर आला. दूध, भाजी, शेळ्या, सिमेंट, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्यावरच. या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालतात. हवेची टाकी नाही. तेव्हा ट्रकचा आवाज पिकअपला द्यायचा तर हवाच नव्याने तयार करावी लागते : लहान विद्युत कॉम्प्रेसर, कधी सोबत छोटी टाकी आणि विजेवर उघडणारी झडप, प्लॅस्टिकची नळी आणि दोन कर्णे. आणि हे सारे चालवायला वीज. येथून फिटरचे काम संपते आणि वायरिंगवाल्याचे सुरू होते.

कॉम्प्रेसर बॉनेटखाली, पाणी-चिखल उडणार नाही आणि इंजिनाची धग लागणार नाही अशा जागी घट्ट आवळतात. नळी जितकी आखूड तितका आवाज चटकन निघतो. लांब नळीत हवा भरेपर्यंत क्षणभर उशीर होतो. कर्ण्यांची तोंडे किंचित खाली कललेली ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. हा शहाणपणा कोणत्याही पुस्तकातून गॅरेजात आलेला नाही. एका पावसाळ्यात हॉर्न गुरगुरू लागला की तो आपोआप येतो.

खरा प्रश्न विजेच्या प्रवाहाचा असतो. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची. असा कॉम्प्रेसर साधारण १५ ते २० अँपिअर ओढतो, म्हणजे दोनशे वॅटच्या आसपास. स्टिअरिंगवरील हॉर्नचे बटण आणि त्याची बारीक वायर एवढ्यासाठी बनवलेलीच नसते. थेट जोडणी केली तर बटणाच्या पट्ट्या जळतात, वायरीचे आवरण वितळते आणि कधी गाडीच पेटते. म्हणून मध्ये रिले बसवावा लागतो. बटणाच्या क्षीण प्रवाहाने रिलेतील चुंबक जागा होतो, तो एक पट्टी ओढून घेतो आणि त्या पट्टीतून बॅटरीचा जाड प्रवाह कॉम्प्रेसरकडे जातो. बटण फक्त निरोप देते, काम दुसराच करतो.

हा ‘रिले’ शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटावा. युरोपात त्याचा जुना अर्थ होता टप्प्यावर बदलायला तयार ठेवलेली ताजी जनावरे. आपल्याकडील डाकचौकीची व्यवस्था हीच : दमलेला घोडा चौकीवर सोडायचा, ताज्या घोड्यावर तोच खलिता पुढे न्यायचा. निरोप एकच, शक्ती नवी. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने १८३५ मध्ये विद्युतचुंबकाने हेच साधले आणि तारायंत्राला ते वरदान ठरले. लांब तारेतून येताना संदेशाचा प्रवाह क्षीण होई. रिले तो ओळखून पुढच्या टप्प्याच्या बॅटरीला कामाला लावी. केजमधील गॅरेजात मिळणारी ती काळी चौकोनी डबी तारायंत्राची थेट वंशज आहे. तारायंत्र बंद पडले, डबी राहिली.

त्या डबीवर चार आकडे कोरलेले असतात : ३०, ८५, ८६, ८७. गॅरेजात शिकणारी पोरे ते पाढ्यासारखे पाठ करतात. ३० वर बॅटरीची धन तार, ८७ वरून कॉम्प्रेसरला, ८५ आणि ८६ ही चुंबकाच्या वेटोळ्याची दोन टोके. त्यांवर मूळ हॉर्नच्या वायरी. हे आकडे आले ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आणि बॉशने ते जगभर रुजवले. श्टुटगार्टमधील अभियंत्यांची सांकेतिक भाषा बीड जिल्ह्यातील दहावी नापास मुलगा बिनचूक बोलतो, याला तंत्रज्ञानाचा प्रसार म्हणतात. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, हे दुर्दैव.

बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार उघडी पडून चासीला टेकली तर तिला वाचवणारे काहीच नसते. नेमका हाच फ्यूज अनेकदा वगळला जातो. खर्च दहा-वीस रुपयांचा असतो, पण हॉर्न त्याच्यावाचूनही वाजतो. म्हणून तो राहून जातो.

आता ट्रकच्या पाठीवरील त्या प्रसिद्ध ओळीकडे वळू : ‘हॉर्न ओके प्लीज’. या ‘ओके’च्या उगमाच्या तीन कथा फिरतात. दुसऱ्या महायुद्धात डिझेलची टंचाई असताना रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकवर ‘ऑन केरोसीन’ लिहीत, ही पहिली. टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात होती, ही दुसरी. अरुंद रस्त्यावर मागच्याने हॉर्न दिला की पुढचा ड्रायव्हर ‘ओके’ शब्दाजवळील दिवा लावून वाट देई, ही तिसरी. पहिल्या दोन कथा कानाला गोड लागतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे संशयाने पाहावे. अक्षरांवरून मागाहून रचलेली व्युत्पत्ती इतिहासात नेहमीच भेटते. तिसरी कथाही आख्यायिकाच, पण तिच्यात एक सामाजिक सत्य आहे : एकपदरी रस्त्यावर हॉर्न हा आरडाओरडा नसून संवाद होता. मागच्याने विचारायचे, पुढच्याने उत्तर द्यायचे. एप्रिल २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने वाहनांवर ही ओळ लिहिण्यास मनाई केली. विनाकारण हॉर्न वाजवण्यास तिने उत्तेजन मिळते, असे कारण होते. ओळ गेली, हॉर्न गेले नाहीत.

कायद्याने प्रेशर हॉर्नला कसे पाहिले, हेही नीट वाचण्यासारखे आहे. भारतात पहिला अखिल भारतीय मोटार कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, तिसरा आणि सध्याचा १९८८ चा. त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ११९ वा नियम सांगतो की वाहनाला मानकानुसार हॉर्न असलाच पाहिजे, मात्र एकापाठोपाठ वेगवेगळे स्वर काढणारा बहुस्वरी हॉर्न किंवा अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा वा घाबरवणारा आवाज करणारे साधन बसवता कामा नये. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस यांना सवलत. दोन कर्णे एकदम वाजले तर तो एकापाठोपाठचा स्वर नव्हे, असा युक्तिवाद एखादा चतुर ड्रायव्हर करील, परंतु ‘घाबरवणारा’ या शब्दातून त्याची सुटका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड ठेवला. वाहनात परवानगीवाचून केलेल्या बदलांसाठी मालकाला होणारी शिक्षा वेगळीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी नाशिकला बोलताना, हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचेच स्वर निघावेत असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. अनेकांनी ते हसण्यावारी नेले. पण प्रश्न जुनाच होता : आवाजाने सांगायचे की दटावायचे?

वाहनाच्या हॉर्नसाठी मानकांत धरलेला पल्ला ९३ ते ११२ डेसिबल आहे आणि मोजणी सात मीटरवरून होते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की पातळी सुमारे सहा डेसिबलने वाढते. केजच्या बाजारात कोणी कोणापासून सात मीटरवर उभे नसते. बैलगाडीला ओलांडणारा पिकअप बैलाच्या कानापासून हातभर अंतरावरून जातो. बैल बुजला की उसाने लादलेली गाडी कोणत्या बाजूला जाईल, हे गाडीवान सांगू शकत नाही.

तरीही ड्रायव्हरची बाजू खोटी नाही. धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत असेल तर तो वळणाआधी कळलेला बरा. ट्रॅक्टरवर मोठमोठ्याने गाणी लावलेली असतात, त्यात कंपनीचा हॉर्न विरून जातो. म्हणून पिकअपवाला मोठा हॉर्न बसवतो. मग ट्रॅक्टरवालाही तेच करतो. आवाज आवाजाला खातो आणि शेवटी सगळेच पुन्हा पहिल्यासारखे एकमेकांना ऐकू येईनासे होतात.

हंगामातील अनेक अपघातांत मात्र हॉर्नला वावच नसतो. रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन थांबलेली, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली हॉर्न ऐकून हलत नाही. हॉर्न पुढच्याला सांगतो, मागून येणाऱ्याला काहीच सांगत नाही. पिकअपच्या हौद्यात मोळ्यांसारखी बसलेली माणसे, ज्यांना मालवाहू गाडीत बसवणे मुळातच बेकायदा आहे, त्यांच्याही वाट्याला प्रेशर हॉर्नपासून संरक्षण येत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. त्याच बॅटरीवरून, तसल्याच रिलेने, तितक्याच वेळात मागच्या बाजूला दोन भक्कम दिवे लावता येतात. गॅरेजात ती मागणी क्वचित होते.

मोटार वाहनांना मागे लाल परावर्तक लावणे १९८९ च्या नियमांतील १०४ व्या नियमाने बंधनकारक आहे. बैलगाडी आणि टायरगाडी मोटार नसल्यामुळे त्या नियमाबाहेर राहतात. त्यांच्या मागे लाल चकाकती पट्टी चिकटते ती बहुधा हंगामाच्या आरंभी पोलीस, आरटीओ किंवा कारखाना यांनी घेतलेल्या मोहिमेत, गव्हाणीपाशी रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांना एकेक करून.